जलरंगचित्राचे मालक आणि चित्राचे रंग : हायडेलबर्गचे उदाहरण

जुने जलरंगचित्र दुरुस्तीसाठी किंवा फ्रेम बदलण्यासाठी आमच्याकडे आणणाऱ्या ग्राहकांना आम्ही काम हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो : हे चित्र आजवर कोणाकोणाकडे होते आणि त्यांच्याकडे ते कोठे ठेवलेले असे. हे प्रश्न किंमत ठरवण्यासाठी असावेत, असा पुष्कळांचा समज होतो. किमतीशी त्यांचा संबंध आहेच. परंतु कागदावरील चित्राच्या बाबतीत चित्राने आजवर किती उजेड सोसला, हेही याच उत्तरांवरून कळते. हा संबंध स्पष्ट व्हावा म्हणून स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातील एका चित्राची हकिकत येथे देत आहोत.

इंग्रज चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५-१८५१) यांनी १८४६ च्या सुमारास, म्हणजे वयाची सत्तरी ओलांडल्यावर, जर्मनीतील नेकर नदीकाठच्या हायडेलबर्ग या गावाचे हे जलरंगचित्र केले. गावामागच्या टेकडीवरील राजवाडा सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केला होता, १७६४ मध्ये त्यावर वीज पडली आणि पुढे तो पूर्णपणे कधीच उभारला गेला नाही. नदी, जुना पूल आणि वर तांबूस दगडाचे भग्नावशेष या दृश्याने रोमँटिक काळातील कवींना व चित्रकारांना भुरळ घातली. टर्नर तेथे १८३३ मध्ये गेले आणि १८४० च्या दशकात पुन्हा गेले. त्यांच्या उत्तरायुष्यातील जलरंगांत इमारतींच्या कडा प्रकाशात विरघळतात, कारण रंगाचे अतिशय पातळ थर एकावर एक दिलेले असतात आणि त्यांतून कागदाचा पांढरेपणा झळकतो. अशा चित्राचे सौंदर्य ज्यात आहे, त्यातच त्याचा धोकाही आहे : पातळ थरात रंगद्रव्य मुळातच थोडे असते आणि तेवढे उडाले की मागे काही शिल्लक राहत नाही. शिवाय रंग टिकाऊ आहेत की नाहीत, याची टर्नर यांनी फारशी फिकीर केली नाही.

हे चित्र पुढे लंडनचे संग्राहक हेन्री व्हॉन यांच्याकडे आले. टोप्यांच्या व्यवसायात श्रीमंत झालेल्या वडिलांकडून त्यांना मोठी संपत्ती मिळाली होती आणि तिचा बराच भाग त्यांनी चित्रांवर खर्च केला. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांचे ‘द हे वेन’ हे प्रसिद्ध तैलचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला १८८६ मध्ये भेट देणारे तेच. याच सुमारास जलरंग उजेडात टिकतात की नाहीत, यावर इंग्लंडमध्ये जाहीर वाद चालू होता. १८८८ मध्ये रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी प्रयोगांच्या आधारे अहवाल प्रसिद्ध केला. नीळ, कार्माइन (किरमिजी तांबडा) यांसारखे रंग प्रकाशात लवकर फिके पडतात आणि हवा व ओलावा यांचा त्यात मोठा वाटा असतो, असे त्यात दाखवून दिले होते.

व्हॉन १८९९ मध्ये वारले. मृत्युपत्रानुसार टर्नर यांची ३८ जलरंगचित्रे, हायडेलबर्गच्या चित्रासह, स्कॉटलंडची राजधानी एडिंबऱ्याला व ३१ आयर्लंडमधील डब्लिनला मिळाली. अट अशी की ती दरवर्षी फक्त जानेवारी महिन्यात, सर्व एकत्र आणि विनामूल्य दाखवावीत. उत्तरेकडील त्या देशांत जानेवारीत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून फारसा वर येत नाही, त्यामुळे उजेड सौम्य असतो. (आपल्याकडील जानेवारीच्या उन्हाबद्दल असे मुळीच म्हणता येणार नाही.) ही अट शंभराहून अधिक वर्षे पाळली जात आहे. टर्नर यांच्या जन्माला २५० वर्षे झाली, त्या २०२५ सालच्या जानेवारीत दोन्ही शहरांनी आपापले संच प्रथमच एकमेकांकडे प्रदर्शनासाठी पाठवले. उलट, टर्नर यांनी १८१७ च्या प्रवासानंतर केलेली राइन नदीकाठची सुमारे पन्नास चित्रे यॉर्कशरच्या वॉल्टर फॉक्स यांनी एकगठ्ठा घेतली होती. तो संच पुढे विक्रीतून अनेकांच्या हाती विखुरला. अशा संचातील प्रत्येक चित्राची अवस्था स्वतंत्रपणेच तपासावी लागते, कारण संच एक असला तरी प्रत्येकाने पाहिलेल्या भिंती वेगळ्या असतात.

म्हणूनच आपल्या चित्राबाबत सांगता येईल तेवढे सर्व आम्हाला सांगावे : आजोबांच्या दिवाणखान्यात ते खिडकीसमोर होते की ट्रंकेत, पावसाळ्यात ती भिंत ओलावत असे का, आणि फ्रेम शेवटची कधी उघडली गेली. जलरंगासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासचा प्रकाश पुरेसा मानतात; खिडकीलगतच्या भिंतीवर तो सहज कित्येक पटींनी अधिक असतो. अतिनील किरण रोखणाऱ्या काचेने हानी कमी होते, थांबत नाही. त्यामुळे वर्षातील काही महिने चित्र उतरवून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावे, असाच आमचा सल्ला आहे, जरी त्यामुळे महागड्या काचेची आमची विक्री वाढत नसली तरी.

शंभर वर्षांहून जुने चित्र भारतात १९७२ च्या केंद्रीय कायद्याखाली पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकांना असे चित्र देण्याचा विचार असल्यास आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करावी.

फ्रेमच्या पाठीवरील जुनी चिठ्ठी, दुकानाचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेले नाव घरी काढू अथवा पुसू नये. आम्ही मागचा पुठ्ठा बदलतो, तेव्हा त्याचे आधी छायाचित्र घेतो आणि मजकूर असलेला भाग आम्लमुक्त पाकिटात घालून चित्राबरोबर परत देतो.