तान्ह्या बाळाची पापणी पडलेली असल्यास: गोव्यातील शस्त्रक्रियेसाठी पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच कमकुवत असेल, तर बाळाची पापणी अर्धवट मिटलेली राहते. बाहुली उघडी असेल आणि नजर नीट घडत असेल, तर शस्त्रक्रियेसाठी साधारण 3 ते 5 वर्षांच्या वयापर्यंत थांबता येते. पापणीने बाहुलीच झाकली असेल, तर मात्र त्या डोळ्याचे स्पष्ट चित्र मेंदूपर्यंत पोहोचत नाही, डोळा ‘आळशी’ होतो आणि पुढे पापणी वर घेतली तरी गेलेली दृष्टी पूर्ण परत येईलच असे नसते. म्हणून अशा बाळांची शस्त्रक्रिया काही महिन्यांच्या वयातही केली जाते. कागदपत्रे अपुरी आहेत म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नये, ही पालकांना कळकळीची विनंती आहे. दोन्ही कामे सोबत चालू शकतात.

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून किंवा म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांतून करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आल्यास त्यांनाही बाळ दाखवावे, परंतु तान्ह्या बाळासाठी त्या भेटीची वाट पाहत बसू नये. पुढील तपासणीसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा नेत्रविभाग आहे. तेथे बाहुली किती झाकली जाते, स्नायूत किती ताकद आहे, डोळ्याला नंबर आहे का आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, हे पाहिले जाते. दूध ओढताना पापणी वर-खाली उडत असेल किंवा संध्याकाळी ती अधिक खाली येत असेल, तर घरीच मोबाईलवर चित्रफीत काढून न्यावी. तपासणीच्या वेळी बाळ झोपलेले किंवा रडत असले, की हे दिसत नाही.

खर्चासाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 पासून आहे. गोव्यात किमान 5 वर्षे वास्तव्य असलेले कुटुंब तिच्यासाठी पात्र ठरते. तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख रुपयांचे, तर चार किंवा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण मिळते. कार्ड आई-वडिलांचे आहे एवढ्यावर विसंबू नये. बाळाचे नाव त्यात चढले आहे का आणि कार्डाची मुदत चालू आहे का, हे आधी पाहावे. डॉक्टरांनी लिहून दिलेली शस्त्रक्रिया कोणत्या नावाने योजनेत बसते, हे भरती होण्यापूर्वीच योजनेच्या कक्षात विचारून मंजुरी घ्यावी.

कागदपत्रांत बाळाचा जन्मदाखला सर्वांत महत्त्वाचा, कारण बाकीचे बरेच काही त्यावर अवलंबून असते. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी. जन्मदाखला आणि पालकांपैकी एकाचे आधार यांवर बाळाचे आधार निघते, त्यासाठी बोटांचे ठसे लागत नाहीत. याशिवाय वास्तव्याचा पुरावा, योजनेचे कार्ड, लसीकरण कार्ड, प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि आतापर्यंतचे सर्व केसपेपर, मूळ व छायाप्रतींसह, एकाच फाईलमध्ये ठेवावेत.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते. त्याआधी बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ बाळाला तपासतात, रक्तचाचण्या होतात आणि पालकांकडून लेखी संमती घेतली जाते. संमतीपत्र समजावून घेऊनच सही करावी. भुलेपूर्वी अंगावरचे दूध साधारण 4 तास, वरचे दूध 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद करतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच पाळावी. सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास तो लपवू नये.

स्नायू फारच दुबळा असेल, तर पापणी सिलिकॉनच्या बारीक दोरीने कपाळाच्या स्नायूला जोडली जाते, म्हणजे भुवई उचलली की पापणीही उचलली जाते. त्यानंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो आणि बुबुळ कोरडे पडू शकते, म्हणून दिलेले मलम रोज रात्री घालावे. काजळ अजिबात घालू नये. डोळा लाल झाला, पू आला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळात जावे. पापणी वर आल्यानंतरही चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी लागू शकते आणि काही वर्षांनी दोरी सैल पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवावा आणि योजनेच्या कार्डाचे नूतनीकरण चालू ठेवावे.