केळ्याचा घास आणि दाताची लस

यावल तालुक्यातल्या आमच्या घरी केळीचा घड पिकला की आजी पहिलं केळं पाळण्यातल्या नातवासाठी काढायची. घास आधी स्वतःच्या तोंडात मऊ करायची, मग बोटाने बाळाच्या जिभेवर ठेवायची. कुणाची दाढ ठणकली की हीच आजी रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची, दातातली कीड गळून बाहेर पडावी म्हणून. दातात अळी नसतेच, त्यामुळे धुरीने पडणार काय? खरी कीड बाळाच्या तोंडात जायची ती त्या केळ्याच्या घासातून.

स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा तो जिवाणू. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी तो किडलेल्या दातांतून वेगळा काढला. तो बाळाला घरच्यांच्या, बहुतेकदा आईच्या, लाळेतून लागतो. १९९३ च्या एका अमेरिकन अभ्यासात बहुतेक मुलांना तो १९ ते ३१ महिन्यांच्या दरम्यान लागलेला दिसला, म्हणजे दुधाच्या दाढा येण्याच्या सुमारास. साखर मिळाली की तिच्यापासून हा ग्लुकान नावाचा चिकट पदार्थ बनवतो, त्यात घर करतो आणि आम्ल सोडत राहतो. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं टणक कवच, इनॅमल, विरघळू लागतं.

शत्रू ओळखीचा, यायची वेळही ठाऊक; मग लस का नाही? खटपट पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. इंग्लंडमध्ये माकडांना लस टोचून कीड कमी झाली होती. बोस्टनच्या फोर्सिथ इन्स्टिट्यूटने ग्लुकान बनवणाऱ्या एन्झाइमवरच नेम धरला. पण इनॅमलला ना रक्तवाहिनी, ना जिवंत पेशी. दाताची राखण करते लाळ, तेव्हा प्रतिपिंडं, म्हणजे लसीमुळे शरीर बनवतं ती जंतूंना अडवणारी प्रथिनं, लाळेतच उतरायला हवीत. त्यासाठी नाकातून द्यायची लसही माणसांवर तपासली गेली. दुसरं भय जास्त अवघड. सशांवरच्या काही प्रयोगांत म्युटन्सविरुद्धची प्रतिपिंडं हृदयाच्या ऊतींनाही चिकटली. जीवघेण्या रोगासाठी माणूस थोडा धोका पत्करतो, दाढेसाठी हृदय कोण पणाला लावेल? शिवाय म्युटन्स एकटा नाही. लॅक्टोबॅसिलससारखे आम्ल सोडणारे सोबती तोंडात असतातच.

लस आलीच तर ती गोवर-रुबेलाच्या दोन डोसांच्या आगेमागे, आशाताईंच्या त्याच यादीत बसेल: पहिला नऊ ते बारा महिन्यांचा, दुसरा सोळा ते चोवीसचा. पण तिच्या भरवशावर बसावं असं मला वाटत नाही. दंतवैद्यकाचं रूप पालटतंय ते दुसऱ्याच बाजूने. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण किडलेल्या जागी लावायचं, बस्स. ड्रिल नको, भुलीचं इंजेक्शन नको, खुर्ची नको. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड उरलेला दात घट्ट करतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे वीज कधी जाईल सांगता येत नाही, तिथे मला याचंच मोल जास्त वाटतं.

एकच खोड आहे: कीड थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते. दुधाच्या दाढेचं काही नाही, ती पडूनच जाणार. समोरच्या दातावर मात्र आई नको म्हणाली, तर तिला हट्टी कसं म्हणायचं?