आपल्यावर आरोप काय आहे? आरोपीच्या एका हक्काची पार्श्वभूमी

पोलिसांनी कुणाला उचललं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जामीन कधी होणार?’ कलम कोणतं लागलं आणि का लागलं, हे विचारायचं बहुतेकांना पहिली तारीख होऊन गेल्यावर सुचतं. खरं तर आधी हेच विचारायला हवं. गुन्हा जामीनपात्र आहे का, खटला दंडाधिकाऱ्यांपुढे चालणार की सत्र न्यायालयात, दोषारोपपत्र साठ दिवसांत यायला हवं की नव्वद, हे सगळं त्या कलमावर ठरतं. आणि आपल्यावरचा आरोप कळण्याचा हा हक्क आरोपीला तुकड्यातुकड्यानं, फार उशिरा मिळालेला आहे.

आरोपाशिवाय आरोपी असणं म्हणजे काय, हे कोल्हापूरनं जवळून पाहिलंय. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमातींना जन्मानंच संशयित ठरवून टाकलं. कोल्हापूर संस्थानातही हजेरीची पद्धत होती. ठरावीक जातीजमातींच्या माणसांनी गावकामगारांपुढे जाऊन हजेरी द्यायची आणि परगावी जायचं तर परवानगी घ्यायची. ‘मी काय केलं?’ असं विचारायला जागाच नव्हती, कारण काही केल्याचा आरोपच नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळीला आसरा आणि पहाऱ्याचं काम दिलं. अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदाही दिल्या. हे पाऊल मला हजेरी बंद करण्याइतकंच मोठं वाटतं. ज्या समाजाकडे कोर्ट केवळ संशयित म्हणून पाहत होतं, त्याच समाजातला माणूस आता अशिलाची बाजू मांडायला उभा राहू शकत होता. देशपातळीवर गुन्हेगार जमाती कायदा रद्द व्हायला मात्र १९५२ उजाडलं.

ब्रिटिश मुलखात १८६० ची दंड संहिता आणि १८६१ ची पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली होती. पुढे १८९८ च्या संहितेत आरोप कसा लिहावा यावर एक स्वतंत्र प्रकरणच होतं: गुन्हा कोणता, कलम कोणतं, कधी, कुठे, कुणाविरुद्ध. लिहिलेला आरोप आरोपीला वाचून दाखवायचा आणि समजावून सांगायचा, असंही त्यात होतं. हे कायदे संस्थानांना आपोआप लागू नव्हते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं आणि अकरा महिन्यांच्या आतच संविधान लागू झालं. अनुच्छेद २२ नं अटकेची कारणं कळण्याचा, पसंतीच्या वकिलाचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं जाण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २० नं सांगितलं, की कुठल्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही.

१९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून चालली आणि तिची जागा १ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं घेतली. त्याच दिवशी दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुन्याच दंड संहितेची कलमं लागतात. त्यामुळे एकाच कोर्टात एकाला ४२० लागलेलं असतं आणि तशाच फसवणुकीसाठी दुसऱ्याला ३१८. शेजारच्यानं सांगितलेल्या कलमावरून आपल्या केसचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही तो यासाठीच.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती दोषारोपपत्र आणि आरोपनिश्चिती यांत. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. त्यात फिर्याद, पंचनामे, जबाब असतात आणि त्याच्या नकला आरोपीला फुकट मिळायला हव्यात. आरोप निश्चित करतं ते न्यायालय. त्याआधी आरोपमुक्तीचा अर्ज करता येतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. प्रत्यक्षात ती तारीख कशी जाते? शिपाई नावाचा पुकारा करतो, आरोपी हात जोडून उभा राहतो, न्यायाधीश आरोप वाचून विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ वकिलानं आधीच पढवलेलं ‘नाही’ येतं, कागदावर सही होते आणि पुढची तारीख पडते. समजावून सांगण्याचं काम कायद्यानं न्यायालयावर टाकलंय. आरोपीनं ‘साहेब, कळलं नाही, परत सांगा’ म्हटलं तर तो अडाणीपणा ठरत नाही. त्यानं तसं म्हणायलाच हवं.

भाषेचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. आरोपीला जी भाषा येत नाही त्या भाषेतली साक्ष त्याला उलगडून सांगावी, असं संहितेत पूर्वीपासून आहे. अटकेच्या कागदांबाबत मात्र ढिलाई चालत आली. कारण तोंडी सांगितलं अशी नोंद केली की भागायचं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ रोजी ही ढिलाई संपवली. गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. अटकेच्या वेळी लेखी देणं शक्यच नसेल, तर ती रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात. पोलीस कोठडी (पीसीआर) की न्यायालयीन कोठडी (एमसीआर) हे ठरण्याआधीचे ते दोन तास वकिलाला फार मोलाचे असतात.

वकील परवडत नसेल तर? १९७८ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या हॉसकोट खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं मोफत कायदेशीर मदत हा कैद्याचा हक्क मानला. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्यानुसार कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, ही मदत मिळते. कोल्हापुरात कळंबा कारागृहात किंवा बिंदू चौकातल्या सब जेलमध्ये असलेल्या माणसाच्या घरच्यांनी दागिने गहाण टाकण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठावं, एवढं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

जिल्हा न्यायालयानं जामीन नाकारला की पूर्वी रात्रीची गाडी पकडून मुंबईचं उच्च न्यायालय गाठावं लागे. तिथल्या वकिलाला सगळी केस पहिल्यापासून सांगायची, आणि तारीख पुढे गेली की तसंच परत यायचं. वकिलांनी आणि नागरिकांनी कित्येक दशकं कोल्हापुरात त्याचं खंडपीठ व्हावं म्हणून आंदोलनं केली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतले जामिनाचे अर्ज आणि अपिलं आता इथंच ऐकली जातात. कामकाज इंग्रजीतच चालतं. पण आज कोर्टात काय झालं, हे आरोपीच्या आईला बाहेरच्या आवारात मराठीतून सांगणारा वकील आता तिच्याच जिल्ह्यातला असू शकतो.