थंड माप, गरम सिलिंडर

पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी अॅल्युमिनियमचा एकच सिलिंडर बनवून घ्यायचा म्हटलं, तर काम वरवर सोपं दिसतं. ६०६१ जातीचा जाड गोल बार घ्यायचा, मधून ८० मिलिमीटरचं बोअर, म्हणजे पिस्टनसाठीचं गोल भोक, काढायचं, बाहेरून पाणी खेळायला जागा ठेवायची. जाणत्या टर्नरला यात नवं काही नाही. अडचण अशी, की लेथवर मोजलेला सिलिंडर आणि इंजिनात चालणारा सिलिंडर मापानं एकसारखे राहत नाहीत.

अॅल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याच्या साधारण निम्मं. म्हणजे ८० मिलिमीटरचं बोअर दर अंशाला जवळपास १.८ मायक्रॉननं मोठं होतं. (हो, मोठंच. धातू तापला की भोक आकसत नाही, तेही वाढतं.) पिस्टन आणि भिंत यांच्यात फट ठेवायची असते ती ३० ते ५० मायक्रॉनांची. आता नुकतं कापलेलं बोअर ४५ अंशांवर असतानाच कुणी मोजलं आणि ‘माप बरोबर’ म्हणून जॉब उतरवला, तर २० अंशांवर येईपर्यंत व्यास ४६ मायक्रॉननं घटतो. सगळी फट गेली! मोजमापासाठी २० अंश हे प्रमाण तापमान १९३१ सालीच ठरलं आहे, पण एप्रिलमधल्या पत्र्याच्या शेडला ते कोण सांगणार? तिथे जॉब आणि पोलादी गेज दोन्ही ४० अंशांवर असले, तरी दोघं सारखे वाढत नाहीत. ८० मिलिमीटरवर सुमारे १८ मायक्रॉनांची तफावत पडते.

याहून छुपा शत्रू म्हणजे चक, लेथवर जॉब धरणारा जबड्यांचा पंजा. पातळ भिंतीचा सिलिंडर तीन जबड्यांत आवळला, की तीन जागी भिंत आत दबते. त्या स्थितीत बोअर अगदी गोल निघतं. जबडे सैल केले की दबलेल्या जागा परत बाहेर येतात आणि बोअर किंचित तिकोनी होतं. नेहमीच्या दोन टोकांच्या बोअर गेजला हे दिसतच नाही. तिकोनी गोलाईत एका बाजूला फुगवटा असतो तिथे समोर खळगा असतो, त्यामुळे कुठूनही मोजा, व्यास जवळपास तेवढाच भरतो. गेज निर्दोष ठरवतं आणि पिस्टन रिंगांच्या कडेनं वायू निसटत राहतो. तीन टोकांचं मायक्रोमीटर बोअरमध्ये फिरवून पाहिलं तर चोरी पकडता येते. त्याहून बरं म्हणजे शेवटचा कट घेताना सिलिंडर कडेनं न आवळता फ्लँजवर (टोकाच्या रुंद कडेवर) बोल्टांनी खाली दाबून धरायचा.

बोअर गोल झालं तरी त्यात पिस्टन थेट सोडता येत नाही. पिस्टनही अॅल्युमिनियमचाच, घर्षणात दोघांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा फाटला, की उघडा धातू एकमेकांना चिकटतो आणि इंजिन जाम. भिंत कठीण करावीच लागते. त्यासाठी जुना मार्ग बिडाच्या लायनरचा, म्हणजे आतून बसवलेल्या नळीचा. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवतात, तसाच हा प्रकार. समजा लायनरचा बाहेरचा व्यास ८८ मिलिमीटर आहे. सिलिंडरचं भोक त्याहून ०.१ मिलिमीटर लहान कापायचं आणि सिलिंडर १५० अंशांना तापवायचा. तो पाव मिलिमीटरनं फुगतो, लायनर सहज आत जातो आणि थंड झाल्यावर गच्च धरला जातो. हा दशांश चैनीचा नाही. दोन्ही १०० अंशांवर पोचले की अॅल्युमिनियम जास्त पसरून त्यातला ०.०८ खाऊन टाकतं. पकड कमी ठेवली, तर गरम इंजिनात लायनर सुटतो.

दुसरा मार्ग निकासिलचा. जर्मनीच्या माहले कंपनीनं १९६७ साली तो आणला, सुरुवातीला वांकेल या फिरत्या पिस्टनच्या इंजिनासाठी. विद्युत विलेपनानं निकेलचा थर चढवायचा आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण अडकवायचे. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकच्या सिलिंडरमध्ये हाच थर असतो. तिसरा मार्ग मिश्रधातूतच सिलिकॉन वाढवण्याचा: २००८ साली भारतात आलेल्या यामाहा आर१५ च्या सिलिंडरमध्ये ते सुमारे २० टक्के आहे. पण १७ टक्के सिलिकॉनवर भिस्त ठेवलेली शेवरोलेची व्हेगा गाडी १९७० च्या दशकात इंजिन तापून बोअर वाकण्यासाठीच बदनाम झाली.

एकट्यादुकट्या सिलिंडरला माझं मत लायनरला. उष्णता वाहण्यात बीड अॅल्युमिनियमच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच, हे खरं. पण लायनर झिजला तर रीबोअर करून, म्हणजे भोक थोडं मोठं कापून, ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो. निकासिल गेला की जुना थर काढून पुन्हा विलेपन, आणि तसं काम करणारा गावोगावी सापडत नाही.

लायनर बसल्यावरही शेवटचं होनिंग, म्हणजे दगडांनी बोअर घासून नेमक्या मापाला आणणं, सुट्या सिलिंडरवर करू नये. हेडचे (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे) बोल्ट आवळले की बोल्टांजवळ बोअर ओढलं जातं. म्हणून हेडच्या जागी मधे भोक असलेली जाड पोलादी प्लेट, त्याच गॅस्केटसह, त्याच टॉर्कनं आवळतात आणि मग होनिंगचे दगड फिरवतात. प्लेट काढल्यावर बोअर वेडंवाकडं मोजलं जातं. तेच बरोबर असतं.