मांजराच्या पिल्लाचे कान: पुसायचं कुठपर्यंत आणि थांबायचं कुठे

निरोगी पिल्लाचे कान सहसा साफ करावेच लागत नाहीत. कान स्वतःची सफाई स्वतः करतो. पडद्यावरची त्वचा सावकाश बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मेलेल्या पेशी, तेलकट स्राव, धूळ असं सगळं ती सोबत कानाच्या तोंडाशी आणून सोडते. त्यामुळे तिथे दिसणारा फिकट तपकिरी, पातळसा मळ म्हणजे आजार नव्हे. आपलं काम एवढंच, की बाहेर आलेला मळ जास्त साचला असेल तर अलगद टिपून घ्यायचा आणि आत काही बिघडलंय का ते वेळेवर ओळखायचं.

इअरबड का नको, हे कानाची रचना पाहिली की लगेच कळतं. मांजराच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्या वळणापलीकडे पडदा असतो. बड फिरवला की थोडा मळ कापसाला लागतो, पण उरलेला त्या वळणात दाबला जातो आणि तिथून तो आपल्याला काढता येत नाही. त्यात पिल्लाने ऐन वेळी मान झटकली, तर बडाचं टोक थेट नाजूक त्वचेवर किंवा पडद्यावर आदळतं. म्हणून नियम सोपा ठेवा: कापूस गुंडाळलेलं तुमचं बोट जिथवर सहज जातं, तिथवरच सफाई.

कान पहिल्यांदा निरखून पाहिला की पाळीच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूस, एक चिरल्यासारखी फट दिसते. अनेकजण घाबरून तिला जखम समजतात. ती त्वचेची छोटी दुहेरी घडी असते आणि प्रत्येक मांजराला असते. तिच्यात मळ साचतो, तेव्हा पुसताना ती विसरू नका.

पिल्लू किती दिवसांचं आहे, यावरही बरंच ठरतं. जन्मतः कान बंद असतात, पुढच्या दोनेक आठवड्यांत ते उघडतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाळ्या ताठ होतात. या काळात आई चाटून सगळं स्वच्छ ठेवते, आपण मध्ये पडायचं कारण नाही. आई नसलेलं पिल्लू असेल तर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापसाने फक्त पाळी पुसा आणि लगेच कोरडी करा. इतकी लहान पिल्लं ओली राहिली की पटकन गारठतात. कानात मात्र एक थेंबही घालू नका.

महिन्याहून मोठ्या पिल्लासाठी हे काढून ठेवा: कापसाचे चार-पाच बोळे, मऊ पंचा, आणि पशुवैद्याने पिल्लांसाठी सुचवलेलं, स्पिरिट नसलेलं इअर क्लीनर. ते नसेल तर नुसतं बाहेरून पुसायला मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाइन चालतं. बाटली पाचेक मिनिटं मुठीत धरून ठेवा. ही पायरी गाळू नका, कारण तोल सांभाळणारा अवयव कानातच असतो आणि गार द्रव आत गेला की पिल्लाला गरगरतं. पुढच्या वेळी ते बाटली बघूनच पळेल.

पोट भरलेलं, पेंगुळलेलं पिल्लू मांडीवर घ्या. पंचात गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवा, मानेचं कातडं धरून उचलू नका. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पाळी मुळाशी धरून हलकेच वर उचला. बोळा ओला करून पिळा, पाळीच्या आतल्या बाजूला टेकवून दोन-तीन सेकंद थांबा म्हणजे मळ सुटतो, मग आतून बाहेर एकाच दिशेने पुसा. मागे-पुढे घासू नका. प्रत्येक कानाला नवा बोळा घ्या, नाहीतर एका कानातला संसर्ग दुसऱ्या कानात जातो. शेवटी कोरड्या कापसाने टिपा. पडद्याला इजा नाही याची खात्री करून पशुवैद्याने सांगितलं असेल, तरच नळीत द्रव घालायचा. त्यासाठी ओथंबलेला बोळा कानाच्या तोंडाशी धरून पिळणं बरं; बाटलीचं टोक आत खुपसू नये. मग कानाच्या मुळाशी वीस-तीस सेकंद चोळा, पिचपिच आवाज येईल. पिल्लाला सोडा, मनसोक्त डोकं झटकू द्या आणि वर आलेला मळ पुसून घ्या. शेवटी उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा एक कण द्या.

आठवड्यातून एकदा कान नुसते बघायचे. पुसायचे फक्त मळ दिसला तरच. रोज पुसलेल्या कानाची त्वचा लाल होते, आत ओल राहते आणि ओलीत यीस्ट ही बुरशी वाढते.

मळ काळपट, कोरडा, कॉफीच्या चोथ्यासारखा दिसत असेल आणि पिल्लू मागच्या पायाने कान खाजवून हैराण झालं असेल, तर बहुधा कानातल्या माइट्स आहेत, शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. हा आठ पायांचा जीव साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असतो. थोडा मळ काळ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहिला तर पांढरे ठिपके चालताना दिसू शकतात. पिल्लाला काय सोसावं लागतं, याचा अनुभव न्यूयॉर्क राज्यातले पशुवैद्य रॉबर्ट लोपेझ यांनी स्वतःवर घेतला. मांजराच्या कानातल्या माइट्स त्यांनी स्वतःच्या कानात सोडल्या आणि आतली खरखर, भयंकर खाज, रात्री वाढणारी वळवळ यांचं वर्णन 1993 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्या वर्षी त्यांना कीटकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक, मिळालं. बोलू न शकणाऱ्या पिल्लाची ही खाज ‘लहान आहे, खाजवतंय’ म्हणून सोडून देऊ नये. सतत खाजवून आणि डोकं झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी रक्ताने टम्म फुगते.

नुसत्या सफाईने माइट्स जात नाहीत. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्यांना सुमारे तीन आठवडे लागतात. मागे राहिलेली अंडी पुन्हा सगळं सुरू करतात. शिवाय काही माइट्स कान सोडून मानेवर, शेपटीजवळ फिरत असतात. कानात तेल घालायचा घरगुती उपाय का फसतो, ते यावरून कळेल. यावर बहुतेकदा मानेवर सोडायचं थेंबाचं औषध देतात. त्याची मात्रा वजनावर आणि वयावर ठरते, म्हणून पिल्लाचं वजन करूनच ते घ्यावं. घरातल्या बाकी मांजरांना आणि कुत्र्यांनाही एकाच वेळी उपचार लागतात.

कुत्र्याचं औषध ‘थोडंसं’ म्हणून मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. झटके येऊन पिल्लू दगावू शकतं. टी ट्री तेल आणि डेटॉलसारखी फिनॉल गटातली जंतुनाशकं याच कारणाने विषारी ठरतात. लसणीचं तेलही नको: पिल्लू ते चाटणार, आणि लसूण मांजराच्या लाल रक्तपेशी फोडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटने आग होते.

काही वेळा बोळा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा: मान एका बाजूला कलली, चालताना तोल जातोय, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा लहान दिसतेय, कानातून पू किंवा रक्त येतंय, दुर्गंधी आहे, हात लावताच पिल्लू किंचाळतंय. डोळ्याकडे जाणारे काही मज्जातंतू मधल्या कानातून जातात, म्हणून कानाचं दुखणं डोळ्यात दिसतं. त्रास एकाच कानाला असेल तर आत कुसळ अडकलेलं असू शकतं किंवा लहान मांजरांत आढळणारी मांसल गाठ असू शकते. दोन्ही घरी काढायच्या गोष्टी नाहीत. पाळीवर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. तो माणसांनाही लागतो, तेव्हा हात साबणाने धुवा.

सफाई करताना पिल्लू चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. पिल्लू कितीही लहान असो. रस्त्यावरून आणलेलं असेल तर थांबूच नका.