घरच्या खाटेवर हॉस्पिटलचे उपचार: मेडिक्लेमचा दावा कसा करायचा

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर म्हणाले, 'यांना हलवू नका, ऑक्सिजन-सलाइन घरीच लावू', तर तो खर्च मेडिक्लेममधून मिळू शकतो. पॉलिसीत या सोयीला 'डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन' म्हणतात. कित्येक घरांत हे कलम पॉलिसीत असतं, पण त्याचा पत्ता लागतो रुग्ण बरा झाल्यावर. तोवर निम्मे कागद गहाळ झालेले असतात.

कोणाला मिळतं

याची व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिली आहे. आजार असा हवा, की एरवी त्यासाठी दाखलच करावं लागलं असतं. शिवाय दोनपैकी एक कारण हवं: रुग्ण हलवण्याच्या स्थितीत नाही, किंवा हॉस्पिटलात खोली मिळत नाही. 'आईला घरीच बरं वाटतं' हे कितीही खरं असलं तरी या कलमात बसत नाही. बऱ्याच पॉलिसींत उपचार तीन दिवसांहून जास्त चालावे लागतात. दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, संधिवात, जुलाब हे आजारही अनेक ठिकाणी वगळलेले असतात. म्हातारपणी नेमके हेच आजार असतात, म्हणून वगळलेल्या आजारांची यादी आधी वाचा.

काही पॉलिसींत 'होम केअर ट्रीटमेंट' असं वेगळं कलम असतं. २०२० च्या कोरोना कवच पॉलिसीत ते १४ दिवसांपर्यंत होतं. त्यात घरी उपचार घेण्याचा डॉक्टरांचा सल्ला आणि रोजची देखरेख महत्त्वाची.

७० वर्षं पूर्ण झालेल्यांना सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतल्या 'आयुष्मान वय वंदना' कार्डावर ५ लाखांचं संरक्षण आहे, पण त्यासाठी योजनेतल्या हॉस्पिटलात दाखल व्हावं लागतं. घरच्या उपचारांना ते कार्ड चालत नाही.

पहिल्याच दिवशी

उपचार सुरू होताच विमा कंपनीला किंवा टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) फोन करा, ईमेलही पाठवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. पॉलिसी मुलाच्या नोकरीतली असेल तर एचआरलाही कळवा. बहुतेक वेळा आधी खर्च करून मग परतावा घ्यावा लागतो.

कागद

सगळ्यात वजनदार कागद डॉक्टरांच्या दाखल्याचा. आमच्या आत्याच्या वेळी दाखल्यावर फक्त 'घरी उपचारांचा सल्ला' एवढंच होतं. क्लेम अडला. डॉक्टरांनी निदान, ऑक्सिजनची पातळी आणि 'हलवणं धोक्याचं' हे कारण लिहून नवा दाखला दिला, तेव्हा तो पुढे सरकला.

दुसरा कागद रोजच्या नोंदींचा. आम्ही शाळेची दोनशे पानी वही आखली होती: वेळ, ताप, रक्तदाब, ऑक्सिजन, कोणतं इंजेक्शन, नर्सची सही. सलाइन खिडकीच्या गजाला टांगलेलं आणि वही उशाशी. डॉक्टर आले की त्या दिवसाच्या पानावर सही घ्यायचो. ही सही नंतर एकदम घेऊ नका. त्या त्या दिवशीच घ्या.

याशिवाय भरलेला क्लेम फॉर्म, रुग्णाचं ओळखपत्र, पॅन, रद्द केलेला चेक, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांची बिलं, तपासण्यांचे रिपोर्ट, नर्सिंग एजन्सीचं आणि भाड्याने आणलेल्या यंत्रांचं पक्कं बिल, आणि उपचार कधी सुरू झाले, कधी संपले हे सांगणारं डॉक्टरांचं पत्र. खोली नव्हती हे कारण असेल, तर हॉस्पिटलकडून तसं लेखी घ्या. सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

नाकारला तर

नकाराचं कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. अर्जाला नकाराचं पत्र, डॉक्टरांचा दाखला आणि वहीच्या सगळ्या पानांच्या प्रती जोडा.