नवजात बालकांतील तात्पुरत्या क्षार व चयापचय बिघाडांचे कोडिंग : पात्रता, नोंदी आणि प्रक्रिया

नवजात बालकाच्या रक्तातील क्षारांचे किंवा चयापचयाचे जे बिघाड काही दिवसांत निवळतात, ते आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या सोळाव्या प्रकरणात पी ७० ते पी ७४ या गटात नोंदवले जातात. रक्तातील साखरेचे बिघाड पी ७० मध्ये, कॅल्शियम व मॅग्नेशियमचे पी ७१ मध्ये आणि थायरॉइडचे पी ७२ मध्ये येतात. उरलेल्या बहुतेक बिघाडांसाठी पी ७४ आहे. कॅल्शियम हासुद्धा क्षारच असल्यामुळे नवखे कोडर (निदानांना कोड लावणारे कर्मचारी) त्याची कमतरता पी ७४ मध्ये टाकतात, ती चूक आहे. तिचे कोड पी ७१ मध्ये असून गाईच्या दुधामुळे झालेल्या कमतरतेला तर पी ७१.० हा स्वतंत्र कोड दिलेला आहे.

पी ७४ मध्ये उशिरा दिसणारी चयापचयजन्य आम्लता (.०), शरीरातील पाणी कमी होणे (.१), सोडियमचा असमतोल (.२), पोटॅशियमचा असमतोल (.३), इतर क्षारबिघाड (.४), तात्पुरते टायरोसिनेमिया म्हणजे रक्तात टायरोसिन हे अमिनो आम्ल वाढणे (.५) आणि रक्तात अमोनिया तात्पुरता वाढणे (.६, हा फक्त पुढे सांगितलेल्या अमेरिकी आवृत्तीत) अशी विभागणी आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम आवृत्तीत १ ऑक्टोबर २०१८ पासून यांतले काही कोड आणखी फोडण्यात आले. वाढलेल्या सोडियमला पी ७४.२१ आणि घटलेल्याला पी ७४.२२, तसेच वाढलेल्या पोटॅशियमला पी ७४.३१ आणि घटलेल्याला पी ७४.३२ असे कोड मिळाले. त्यापूर्वी सोडियम वाढलेले आणि घटलेले बाळ एकाच कोडखाली जात असे, म्हणजे उपचार नेमके उलटे असूनही आकडेवारीत दोघांत फरक दिसत नसे. या आवृत्तीत आता नुसता पी ७४.२ लिहिला, तर तो अपुरा म्हणून परत येतो. पुढील नियम याच आवृत्तीचे आहेत.

पात्रतेची पहिली अट अशी की बिघाडाचा उगम प्रसवकालीन काळात, म्हणजे जन्मापूर्वीपासून जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत झालेला असावा. हे कोड फक्त बाळाच्या केस पेपरवर लावायचे असतात, आईच्या केस पेपरवर कधीही नाही. दुसरी अट बिघाड दखलपात्र असण्याची आहे. त्यासाठी तपासणी, उपचार, वाढीव देखरेख किंवा रुग्णालयातील वाढलेला मुक्काम यांपैकी काहीतरी घडलेले असावे, किंवा पुढील काळात त्याची काळजी घ्यावी लागणार असावी. तिसरी अट ‘तात्पुरता’ या शब्दात दडलेली आहे. अमोनिया वाढण्यामागे युरिया चक्राचा (अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या शरीरातील प्रक्रियेचा) आनुवंशिक दोष निघाला, तर पी ७४.६ लागू होत नाही आणि कोड चयापचय विकारांच्या ई प्रकरणातून घ्यावा लागतो. उलट, पाणी कमी झालेल्या नवजात बालकाला इतर वयांसाठीचा ई ८६ लावणेही चूकच आहे, कारण ई ८६ खालील वर्ज्य सूचनेतच नवजात बालकांना वगळून पी ७४.१ कडे पाठवलेले आहे.

कागदपत्रांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शब्दांत लिहिलेले निदान. प्रयोगशाळेचा अहवाल, परिचारिकांचा द्रव-नोंद तक्ता, वजनाचा तक्ता आणि औषधांची ऑर्डर ही त्याला पूरक कागदपत्रे आहेत. त्यांतून कोडरने स्वतः निदान काढायचे नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३.१ किलो वजनाने जन्मलेले, स्तनपान नीट न जमलेले बाळ चौथ्या दिवशी २.७ किलो वजनावर पुन्हा भरती झाले. अहवालात सोडियम १५६ आहे, सलाईनची ऑर्डर आहे, दर सहा तासांनी सोडियम तपासलेले आहे. पण डॉक्टरांच्या नोंदीत फक्त ‘Na (सोडियम) १५६, फ्लुइड बदलले’ एवढेच लिहिलेले आहे. येथे पी ७४.२१ लावता येत नाही. कोडरने डॉक्टरांना लेखी विचारणा करावी, मात्र ‘सोडियम वाढले होते ना?’ असे उत्तर सुचवू नये. आकडे समोर ठेवून या स्थितीचे निदान काय, एवढेच विचारावे. डॉक्टरांनी पाणी कमी होणे, सोडियम वाढणे आणि स्तनपानातील अडचण अशी तिन्ही निदाने लिहून दिली, की पी ७४.१, पी ७४.२१ आणि पी ९२.५ हे तिन्ही कोड खुले होतात.

पोटॅशियमच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. टाचेतून काढलेल्या नमुन्यातील लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटाच वाढतो. पहिल्या नमुन्यात ७.२ आणि शिरेतून लगेच घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात ५.१ आले असेल व डॉक्टरांनी नमुना बिघडल्याची नोंद केली असेल, तर पी ७४.३१ लावायचा नाही.

क्रमाचा नियम सोपा आहे, तरी चुका तेथेच अधिक होतात. बाळ ज्या रुग्णालयात जन्मले, तेथील जन्माच्या भरतीत जिवंत जन्म नोंदवणारा झेड ३८ मधील कोड पहिला येतो आणि तो एकदाच वापरायचा असतो. त्यामागे पी गटातील निदाने येतात. बाळ दुसऱ्या रुग्णालयात हलवले गेले किंवा वरच्या उदाहरणासारखे घरून परत आले, तर झेड ३८ लावायचा नाही. अशा वेळी भरतीचे मुख्य कारण म्हणून डॉक्टरांनी जे नोंदवले असेल, त्याचा कोड पहिला ठेवावा. अकाली जन्म किंवा कमी वजन नोंदलेले असल्यास पी ०७ मधील कोड जोडावेत, त्यांत वजनाचा आधी आणि गर्भकाळाचा नंतर.

आम्लतेबाबत एक खुलासा आवश्यक आहे. पी ७४.० फक्त उशिराच्या चयापचयजन्य आम्लतेसाठी आहे. जन्मावेळी गुदमरल्यामुळे आलेली आम्लता, किंवा प्रकार न लिहिता नुसतीच ‘आम्लता’ अशी नोंद, पी ८४ (नवजात बालकाच्या इतर समस्या) मध्ये जाते. डिस्चार्ज कार्डावर प्रकार आणि दिवस लिहिलेले नसतील, तर फाइल बंद करण्याआधीच ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत.